बुधवारी पडणारी माणसं

बुधवारी साडेनऊला आई रजईसकट येते
आणि टीव्हीच्या इतकी जवळ बसते
की पडद्यावरचा माणूस तिच्या चष्म्यात दोनदा उभा राहतो.
मांडीवर मुरैन्याच्या गजकचा पुडा.
दात खोटे, हट्ट खरा.

मालिका अमेरिकेतली. अध्यक्ष झालेल्यांची नाही,
निवडणुकीत पडलेल्यांची.
दर आठवड्याला एक माणूस, पन्नास मिनिटं.
शेवट पहिल्याच मिनिटाला ठाऊक,
तरी मी पाणी प्यायला उठलो की आई ओरडते,
"अरे, मोजणी चाललीय!"

इंग्रजी तिला येत नाही. मी सांगत जातो,
म्हणजे निम्मं गाळत जातो.
पहिल्या भागात म्हणालो, "हा पडला,"
तर तिने विचारलं, "फार लागलं का?"
आणि स्वतःच हसली, ठसका लागेपर्यंत.
तेव्हापासून तो नेमच झाला.
एक तीनदा उभा राहिला, तीनदा पडला. लागलं का?
एक रात्री जिंकून झोपला, सकाळी पडलेला उठला. लागलं का?
एकाच्या बुटाच्या तळव्याला भोक, फोटोत स्पष्ट.
"याची बायको काय करत होती?"
घटस्फोट झाला होता, मी म्हणालो.
"मग बरोबर," म्हणाली,
आणि त्याच्या नावाने गजकचा तुकडा मोडला.

एकाला तर मतं जास्त पडली, तरी तोच पडला.
महालेखाकार कार्यालयात छत्तीस वर्षं बेरजा तपासल्या मी,
मला ही बेरीज पटत नाही.
आईला पटते. "असतं असं," म्हणते,
दूधवाल्याच्या हिशेबाबद्दल म्हणते तसं.

तिचा खरा प्रश्न मात्र भाग संपताना येतो:
"त्या रात्री जेवला काय?"
हे मालिकेत सांगत नाहीत.
कोणत्या गावात किती मतं, टोपी कुठल्या दुकानातली,
सगळं सांगतात. हे नाही.

त्र्याऐंशी साली आमचे अण्णा उभे होते, जिवाजीगंजातून, अपक्ष,
नळाला रोज पाणी यावं एवढ्याच मुद्द्यावर.
चिन्ह मिळालं छत्री.
भिंतीभिंतीवर गेरूने: मोहर लगाओ छाते पर.
ग्वाल्हेरात छत्री म्हणजे राजेलोकांची समाधीही,
समोरचे चौकात म्हणायचे,
रायरीकरांनी आधीच बांधून घेतली!
एकशे बारा मतांनी पडले.
मी सतरा वर्षांचा. दोन दिवस तोंड लपवून घरात.
लागलं का, हे काही मी विचारलं नाही.

आज जाहिराती चालू असताना आई आपणहून म्हणाली,
"वरणभात. दोनदा वाढून घेतला.
पाच किलो बुंदीचे लाडू सांगून ठेवलेले, ते डब्यातच.
मग म्हणाले, मीठ कमी आहे का गं?
मीठ बरोबर होतं."

एवढंच. जाहिरात साबणाची होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
अण्णा बादली आणि काथ्या घेऊन निघाले होते
लोकांच्या भिंती धुऊन द्यायला,
हे मला आठवतं, कारण बादली मीच धरली होती.
एक छत्री राहिली, ट्रान्सफॉर्मरच्या मागे,
तिथवर हात पोचेना.
ती अजून आहे. पाणी अजून दिवसाआड.

पडद्यावर आजचा उमेदवार म्हातारा झालाय,
अंगणातली पानं गोळा करतोय,
कॅमेऱ्यासाठी की खरंच, कळत नाही.
"बरा दिसतो," आई म्हणते. "खाल्लेलं अंगाला लागलंय."

नावं वर सरकू लागतात.
पुढच्या बुधवारी कोण, मी वाचायला जातो
तर ती रजई कानांवर ओढते,
तसंही तिला ऐकू येत नसतं.
"सांगू नकोस. आधी त्याला उभा तर राहू दे."